काकांच्या फाटकाशी चार कोकरं

आधीच सांगून टाकते: मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. दोन वर्षं झाली, मन निवळलं, असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. त्यांना इथे 'काका' आणि 'म्हणाले' लिहिते आहे ते फक्त आईसाठी. ती वाचेल.

वडील गेल्यावर आई आणि मी दांडिया बाजारातलं भाड्याचं घर सोडून गोत्रीत आलो. नवी सोसायटी, एकमेकांना चिकटलेली टेनामेंटं, प्रत्येकापुढे हातरुमालाएवढं अंगण. घर मिळालं ते काकांच्या शब्दावर. काका वडिलांचे जुने स्नेही, कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, सोसायटीचे प्रमुख, आमच्यापासून तिसऱ्या घरात. रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकायचे आणि खाली येऊन भेटेल त्याला सांगायचे की जीवदया हाच खरा धर्म.

सोसायटीच्या मागे मोकळं मैदान होतं. ते गोचर, म्हणजे गावाचं गायरान. आमची घरं उठण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे भरवाडांच्या, म्हणजे इकडच्या धनगरांच्या, मेंढ्या चरत. आम्ही आलो तोवर चाळीसेक मेंढ्यांचा एकच कळप उरला होता, आणि तो हाकणारी साठीची एक बाई. काळी लोकरीची ओढणी, हातात तिच्याहून उंच काठी. सगळे तिला मा म्हणत, म्हणून मीही. काकांना त्या मैदानावर बाग करायची होती आणि बागेभोवती भिंत. अर्धी भिंत उभीही राहिली होती.

मी तेव्हा शिक्षण संपवून नोकरी न शोधणारी मुलगी होते. घडियाळी पोळातल्या एका खोलीत आम्ही पाचसहा जण जमायचो आणि सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो. गोचर कुणाचं, झोपड्या का पाडल्या, बंद गिरणीतल्या माणसांनी खायचं काय. पत्रक लिहिणाऱ्याला आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवत: शत्रू एकच ठेवायचा आणि तो पहिल्या ओळीत दिसला पाहिजे. मला तो रोज सकाळी दूध आणायला निघाले की दिसायचा.

उत्तरायण होऊन आठवडा झाला असेल. तारांवर अजून फाटके पतंग लटकत होते. काकांचा माळी त्यांच्या कुंपणाची कण्हेर छाटत होता. काका फाटकात उभे होते आणि समोर मा. मी दहा पावलांवर, पाण्याच्या टाकीशी.

"साहेब, आ करेण छे. गाडर खाय तो मरी जाय. मेदानमां ना नाखता."

ही कण्हेर आहे, मेंढी खाऊन मरेल, मैदानात टाकू नका. याहून सोपं काय सांगायचं असतं?

काका तिला एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सांग गं तिला, मेंढरं आमच्या मैदानात आली नाहीत तर मरणारही नाहीत."

मी सांगितलं नाही. काकांना माझ्याहून चांगलं गुजराती येतं, आणि मा काही बहिरी नव्हती. सूर कळायला भाषा लागत नाही.

आठ दिवसांनी मैदानाच्या कडेने छाटणीचे ढीग पडले. हिरवी कण्हेर कडू, मेंढी तिला तोंड लावत नाही. ही वाळवलेली होती. वर कापलेलं हिरवं गवत पसरलेलं, आणि गवतावर गव्हाचा कोंडा. बागेच्या कचऱ्यात कोंडा कुठून येतो हो? हा प्रश्न मी पुढे महिनाभर सोसायटीतल्या प्रत्येकाला विचारला.

दुपारपर्यंत चार मेंढ्या गेल्या. तोंडातून लाळ, पाय लटपटत, मग एकदम आडव्या. मा रडली नाही. तिने एकेकीचा जबडा उघडून बोट घातलं, एक लांबट पान काढलं, उन्हात धरून पाहिलं आणि ओढणीच्या टोकाला बांधून ठेवलं. मी काकांच्या फाटकाशी जाऊन ओरडले. आतून आवाज आला, "बागेचा कचरा होता. कचरा खाणाऱ्यांनी बघून खावं."

मागे चार कोकरं राहिली. दहाबारा दिवसांची, चारही माद्या. मा त्यांना दुसऱ्या मेंढ्यांना लावून बघत होती. मेंढी शेपटीखाली हुंगायची, वास परका लागला की अशी ढुशी द्यायची की कोकरू दोन कोलांट्या खायचं. दिवसातून पाच वेळा हाताने दूध पाजायला मा थांबली असती तर बाकीचा कळप कोण चारणार?

"मी नेते," मी म्हटलं.

तिने माझ्या चपलांकडे पाहिलं. "तने आवडशे?" म्हणजे, जमणार का तुला?

"जमेल."

मग तिने साफ सांगितलं. होळी झाली की कळप मही नदीच्या काठी निघतो, कापलेल्या शेतांत चरायला. तोवर ही चौघी कळपामागे चालायला हव्यात. मेल्या त्या तिच्या सगळ्यात दुधाळ मेंढ्या होत्या. उद्याचा कळप या चौघींच्या पोटातून यायचा. आल्या तर कळप, नाहीतर पुढच्या वर्षी ती कुणाच्या तरी म्हशी राखायला जाणार.

मी ऐकलं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला कळप दिसत नव्हता. मला काकांच्या घरापासून तिसऱ्या अंगणात बांधलेली, रात्रंदिवस बें-बें करणारी चार अनाथ कोकरं दिसत होती. याहून चांगलं पत्रक मी जन्मात लिहिलं नव्हतं.

औषधांच्या दुकानात जाऊन रबरी निपलं मागितली. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "वाह, बाबो के बेबी?" मुलगा की मुलगी?

"चारेय बेबी," मी म्हटलं. त्याने चार निपलं कागदात बांधून दिली.

वडिलांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आईने जपून ठेवल्या होत्या. त्या उकळल्या, निपलाचं भोक तापवलेल्या सुईने मोठं केलं, शेळीचं दूध कोमट केलं. आणि कोकरांनी तोंडच उघडलं नाही. रबर जिभेला लागलं की मान फिरवायची. मी जबडा धरून दूध ओतलं तर एकीला ठसका लागून नाकातून फेस आला. आई दारात उभी. "अगं, मारशील! त्यांनी मारल्या त्या पुरे नाहीत का?"

"आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी दुधाच्या बाजूने आहे. अर्धं फरशीवर सांडलंय."

संध्याकाळी मा आली. अंगणात गुडघ्यांवर बसली, एक कोकरू पुढ्यात घेतलं आणि आपली काळी ओढणी त्याच्यावर टाकली. कोकराला आईच्या पोटाखालचा अंधार ओळखीचा असतो. उजेडात ते पीत नाही. मग आधी बोट तोंडात दिलं. ते चोखायला लागल्यावर बोटाशेजारून निपल सरकवलं आणि बोट काढून घेतलं. दुसऱ्या हाताने शेपटीच्या मुळाशी खाजवत राहिली, कारण मेंढी पाजताना तिथेच हुंगते. बाटली खाली, कोकराच्या खांद्याच्या उंचीला. वर धरली तर दूध फुप्फुसात जातं. दोन मिनिटांत ओढणीखालून चुटुकचुटुक आवाज यायला लागला आणि इवलीशी शेपटी पंख्यासारखी फिरू लागली.

ओढणी माझ्या अंगावर टाकून ती म्हणाली, "मोढुं ना बतावती." तोंड दाखवू नकोस. बोलूही नकोस. जो पाजतो त्याच्या मागे ते जन्मभर चालतं. त्याला कळता कामा नये की मेंढीऐवजी बाई पाजते आहे. आणि रोज संध्याकाळी चौघींना वाडग्यावर, म्हणजे कळपाच्या काटेरी कुंपणात, आणून मेंढ्यांत बसवायचं, कळपाचा वास अंगाला लागला पाहिजे.

चार दिवस मी सगळं तसंच केलं. पाचव्या दिवशी काकांची गाडी आली.

आमच्या गल्लीतली पहिली मोटार. काका मोठ्या मुलाच्या लग्नाच्या खटपटीला लागले होते, त्या निमित्ताने घेतलेली. सकाळी देवळातून आले की दोनदा हॉर्न वाजवायचे. काकूंनी हातातलं काम टाकून फाटक उघडायचं. संध्याकाळी तसंच. पीं-पीं. ती पीं-पीं पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी अंगणात एकीला पाजत होते, आणि माझ्या डोक्यात ते आलं.

मी ओढणी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून दोन वेळचं दूध हॉर्नवर. हॉर्न वाजला की चारही बाटल्या घेऊन मी काकांच्या फाटकासमोर, भर उजेडात, तोंड दाखवून. हाका मारून. संध्याकाळी वाडग्यावर न्यायची वेळ नेमकी त्यांच्या परतण्याची, म्हणून वाडगं बंद. माला मी सांगितलं की त्यांना थंडी बाधते.

आठवडा पुरला. हॉर्न वाजायचा अवकाश, चारही जणी आमच्या फाटकाखालून सुळकन बाहेर. काका गाडीतून एक पाय काढतात तो त्यांच्या इस्त्रीच्या पँटला चार तोंडं चिकटलेली. गुडघ्यांवर ढुशा. पँटच्या घडीवर लाळ. "अरे हाड! हाड!" काका जितके ओरडत तितकी ती जास्त जवळ जात, त्यांच्या लेखी हा माणूस म्हणजे दूध. समोरच्या ओट्यावरचे गुजराती आजोबा रोज त्या वेळेला खुर्ची बाहेर काढून बसायला लागले. "काका, तमारां छोकरां आव्यां!" आणि कुणी विचारलंच की ही कुणाची, तर माझ्या हातात पत्रक तयार. वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ: कचऱ्यात कोंडा कुठून आला?

काका आईकडे आले. खुर्चीवर न बसता म्हणाले, "वहिनी, हिच्या वडिलांकडे बघून मी गप्प आहे."

आई म्हणाली, "तिच्या वडिलांकडे बघून तीही गप्प बसली असती, भावजी. पण तुम्ही तिच्यासमोर बोललात ना." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने मला दुप्पट झापलं. या माणसामुळे डोक्यावर छप्पर आहे, उद्या पाण्याची लाइन तोडली तर कुठे जाशील, वगैरे. तेही खरंच होतं. पण मी थांबणार नव्हते.

मग तो रविवार. मुलाची सोयरीक ठरत होती, पुण्याहून मुलीकडची मंडळी घर बघायला येणार होती. मला ते आधीच माहीत होतं, कारण काकूंनी आमच्या चांगल्या कपबश्या मागून नेल्या होत्या. त्या दिवशी सकाळचं दूध मी कोकरांना दिलं नाही. हे लिहिताना जरा लाज वाटते, पण जरा म्हणजे जराच.

भाड्याची जीप आली. फाटक बंद बघून ड्रायव्हरने हॉर्न दाबला, दोनदा. चार उपाशी कोकरं गोळ्यांसारखी सुटली. जीपमधून उतरणाऱ्या नऊवारीतल्या बाईंच्या निऱ्यांत दोन, आणि स्वागताला पुढे आलेल्या काकांच्या नव्या धोतरात दोन.

"अगंबाई, किती गोड! तुमची का हो?" बाईंना खरंच आनंद झाला होता.

"छे छे, शेजारचा त्रास आहे," काका हसले.

मी माझ्या फाटकातून पुढे आले. "काकांचीच म्हणायची. यांच्या आया काकांनी मारल्या."

आजोबा खुर्ची आणायलाही विसरले.

"काहीतरी बरळू नकोस. बागेचा कचरा होता. कण्हेर विषारी असते हे मला काय माहीत?"

पुण्याचे गृहस्थ सहज म्हणाले, "म्हणजे काय? आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं."

"आणि इथे याच फाटकात त्यांना सांगितलं होतं," मी म्हटलं. "आठ दिवस आधी. मी ऐकलंय. बरं, कण्हेर राहू दे. कोंडा, काका? कचऱ्यात कोंडा कुठून आला?"

काका काही बोलण्याआधी दारातून काकू बोलल्या. हातात आमच्याच कपांचा ट्रे. "कोंडा मी दिला." मग नवऱ्याकडे बघून, अगदी हळू, "तुम्ही गायीला घालायचाय म्हणालात."

मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. काकांचा चेहरा मला आजही हवा तेव्हा आठवता येतो. त्या दुपारी मी आईच्या वाटणीचं श्रीखंडही खाल्लं.

दुसऱ्या सकाळी जिंकून आल्यासारखी कोकरं घेऊन मी वाडग्यावर गेले. माला सगळं सांगितलं. जीप, निऱ्या, धोतर, काकू. ती "हं" म्हणाली. मग तिने वाडग्याचं काटेरी झाप बाजूला केलं, चौघींना कळपात सोडलं आणि काठी आपटून निघाली.

कळप डावीकडे वळला. चौघी माझ्या पायांशी उभ्या.

"संताई जा," मा ओरडली. लप.

मी भिंतीआड गेले. त्या गोल गोल फिरत बें-बें करत राहिल्या, मेंढ्यांकडे एकदाही बघेनात. तेवढ्यात रस्त्यावर कुणा स्कूटरवाल्याने कळप बघून हॉर्न वाजवला. चौघी सरळ त्याच्या चाकाकडे धावल्या. ब्रेकचा आवाज, स्कूटर आडवी, माणूस शिव्या देत उठतोय आणि मा काठीच्या आकड्याने एकीचा मागचा पाय ओढून तिला चाकाखालून काढतेय. कुणाला काही झालं नाही.

मा माझ्यापाशी आली. "तें तारुं वेर वाळ्युं. मारां गाडरांनुं शुं?"

तू तुझा सूड घेतलास. माझ्या मेंढ्यांचं काय?

"माझा सूड?" मी म्हटलं. "मेंढ्या तुझ्या मेल्या, मा!"

"माझ्या मेल्या. सूड मला हवा असता तर ही काठी काय आखूड आहे?" तिने काठी माझ्या नाकासमोर धरली. "मी तुला मेंढ्या करायला दिल्या. तू भिकारणी केल्यास. दिसेल त्याच्या पायजम्याला तोंड लावणाऱ्या."

मी आजवर अनेक भाषणं ऐकली आहेत. इतकं नेमकं कुणी मला बोललेलं नाही. हॉर्नवर धावणारी मेंढी महीकाठच्या हमरस्त्यावर पहिल्या ट्रकखाली जाणार, हे मलाही दिसत होतं. होळीला अकरा दिवस होते.

ते अकरा दिवस मी वाडग्यात काढले. माच्या ओढणीखाली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, मेंढ्यांच्या पायांत बसून. ओढणीला आणि मला आता एकच वास येत होता. बाटली एका म्हाताऱ्या मेंढीच्या मागच्या पायांमधून पुढे करायची. तोंड दाखवायचं नाही, शिंकायचंही नाही. बोलणं हाच माझा धंदा, आणि माने मला मुकं केलं होतं. पहिले तीन दिवस त्या ओढणी हुंगून माझं नाक शोधत. मा लांबून खडा मारून त्यांना हाकलायची. चौथ्या दिवशी एकीने दूध संपल्यावर त्या म्हातारीच्या अंगाला अंग घासलं. मग दुसरीने. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला की मा त्याच क्षणी काठी आपटायची, इतकी जोरात की सगळा कळप दचकून एकमेकींत घुसायचा आणि चौघीही त्यांच्याबरोबर. आधी दचकून, नंतर सवयीने.

त्या अंधारात मी काकांचा विचार करायचे. मन शांत वगैरे झालं नाही. उलट राग वाढला, कारण आता त्यात माझ्यावरचाही मिसळला होता, आणि तोही मी त्यांच्याच नावावर टाकत होते.

धुळवडीच्या दुसऱ्या सकाळी कळप निघाला. मला भिंतीआडून बघायची परवानगी होती. तिघी म्हातारीच्या मागे गेल्या, शेपट्या हलवत, कुठेही न थांबता. चौथी मागे रेंगाळली. सगळ्यात लाडकी, मीच केलेली. माने तिच्या गळ्यात दोरी घालून दुसरं टोक म्हातारीच्या गळ्याला बांधलं. ती ओढली जात, मागे वळून वळून ओरडत गेली. मी भिंतीच्या विटांत बोटं रुतवून उभी राहिले. हाक मारली नाही.

काका अजून प्रमुख आहेत. सोयरीकही झाली. लग्नाचं आमंत्रण आम्हाला नव्हतं. कपबश्या परत आल्या, एकीचा कान तुटलेला. भिंत मात्र अर्धीच राहिली, कारण पत्रकं वाचून लोक सभेत प्रश्न विचारायला लागले, आणि पहिला प्रश्न दर वेळी कोंड्याचाच असायचा.

पावसाळा संपता संपता मा परतली. गल्लीच्या तोंडाशीच मला कळप भेटला. तीन तरण्या मेंढ्या मला घासून पुढे गेल्या. एकीनेही मान वळवली नाही. इतका आनंद मला कुणी ओळख न दाखवल्याचा कधी झाला नव्हता.

"चौथी?"

"महीकाठी एका घरात देऊन टाकली. दोरी सोडली की माणसांत पळायची. तिथे पोरं आहेत, पाळतील." तिने हे दोष न देता सांगितलं, म्हणून जास्त लागलं. मग विचारलं, "ने तारो काको?"

"आहे."

"अजून?" म्हणाली, आणि जीभ टाळ्याला वाजवून कळप पुढे काढला.